घरटी एक मत

समुद्रात आणखी तीन तेलविहिरी खोदाव्यात का, हे विचारत मी सरकारी कचेरीचे छापील कागद घेऊन पंधरा दिवस दारोदार फिरत होते. घरटी एक मत: हो, नाही किंवा सांगता येत नाही. मासेवाल्या बाईंनी प्रश्न ऐकायच्या आधीच नाही म्हटलं. गवंड्याने कामं मिळतील म्हणून हो म्हटलं. निवृत्त मास्तरांनी प्रश्नातलं शुद्धलेखन सुधारलं आणि ते मत द्यायचं विसरून गेले.

शेवटच्या गल्लीत माझ्या ताईचं घर. भावोजी समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर कामाला, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी.

"आमचं हो लिही," ताई आतूनच म्हणाली. "खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

"नाही लिही," भावोजी म्हणाले.

मी 'हो'वर टेकवलेलं पेन उचललं.

"विहीर उसळली तर ती बंद करायला एक मोठी झडप असते," ते म्हणाले. "तिची चाचणी मी घेतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा कळ दाबली तेव्हा ती हललीच नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर बंद झाली."

ताई हात पुसत बाहेर आली. "हे मला बोलला नाहीत."

"तुझी झोप उडाली असती. मी साहेबांना लिहून दिलं. दुरुस्ती झाली, पण अकरा दिवसांनी. तोवर खोदकाम चालूच."

"मग 'सांगता येत नाही' लिहू?" मी विचारलं.

"मला चांगलं सांगता येतं. तुझ्या कागदात जागा नाही, त्याला मी काय करू?"

कागदाची मागची बाजू कोरी होती. ते सांगत गेले, मी लिहीत गेले: झडप नापास झाली की खोदकाम थांबवा, आणि चाचणीचा निकाल दर महिन्याला गावात लावा. त्यांनी सहीसाठी हात पुढे केला, तर ताईने पेन काढून घेतलं.

"तुमची नोकरी आहे तिथे. घरटी एकच मत ना? मग ते माझं."

शेजारणीने कुंपणापलीकडून सगळं ऐकलं होतं. तिनेही तेच लिहायला लावलं. मग तिच्या जावेने. तोंडोतोंडी बातमी पसरली आणि आधी झालेल्या घरांनीही मला परत बोलावलं. दोन दिवसांत सत्तेचाळीस कागद दोन्ही बाजूंनी भरले.

कचेरीतल्या बाई वैतागल्या. "यंत्र फक्त पुढची बाजू वाचतं."

"मग मागची मी वाचते," मी म्हणाले. चारचौघांत तोंड उघडताना माझी नेहमी बोबडी वळते. तरी विहिरींवरच्या जनसुनावणीत उभी राहिले. मजकूर सगळीकडे तोच. विसाव्या कागदाला लोक माझ्याबरोबर म्हणायला लागले. आधी हसणारे तेल कंपनीचे साहेब मग टिपणं घ्यायला लागले.

विहिरींना परवानगी मिळाली, पण तीच अट घालून. दुसऱ्याच महिन्यात बस थांब्यावर कागद लागला: चाचणी नापास, खोदकाम चार दिवस बंद. ताईने भाजीची पिशवी खाली ठेवून तो दोनदा वाचला आणि रिगवर फोन लावला.

"चार दिवस मोकळे आहात म्हणे," ती म्हणाली. "मग घरी एक फोन करायला काय झालं होतं?"