मुकी बाजू

तिसरा चुंबकही कपाटावरून घसरला आणि फरशीवर पडला. दवाखान्यातून आलेल्या बाईंनी तो उचलला नाही. त्यांनी खोक्यातून चौथा काढला, आमच्या लोखंडी कपाटावर थापला आणि हात काढून घेतला. चौथा राहिला. पाचवा पडला.

"निम्मे असेच आहेत," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांना वाटायचे आहेत हो हे. घरी नर्स हवी असेल तर नंबर समोर दिसावा म्हणून. पडून फ्रीजखाली गेलेला नंबर कोण वाकून काढणार?"

मी म्हटलं, बघते. माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. काल गरम भांड्याला माझं बोट लागलं आणि फोड आला तरी मला पत्ता नाही, यावरून सुनेने घर डोक्यावर घेतलं होतं. बोटाला पट्टी बांधता बांधता तिने साखर, डॉक्टर आणि माझा हट्टी स्वभाव या तिन्हींवर भाषण दिलं. आणि आता या बाई. त्यांचा पुढचा प्रश्न मला पाठच होता, आणि तो आलाच: चुंबक आहे तर दोन्ही बाजूंनी चिकटायला नको का?

बावीस वर्षं मी या छापखान्यात आहे आणि बावीस वर्षं या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे. मी त्यांना सांगितलं, की साध्या लोहचुंबकाचं एक टोक इकडे, एक तिकडे, म्हणून तो दोन्हीकडून चिकटतो. हे शीट म्हणजे रबर, त्यात चुंबकाची पूड कालवलेली. कारखान्यात त्या पुडीत बारीक बारीक पट्टे भरतात आणि प्रत्येक पट्ट्याचं तोंड शेजारच्यापेक्षा वळवलेलं ठेवतात. एक वर, पुढचा आडवा, तिसरा खाली, चौथा पुन्हा आडवा पण उलट अंगाला. त्यामुळे एका बाजूला सगळ्यांचा जोर एकात एक मिळतो आणि दुसऱ्या बाजूला ते एकमेकांचा जोर मारून टाकतात. आमच्या माहेरी असंच होतं. बाहेरच्याशी भांडायचं तर सगळे भाऊ एक, आणि घरात एकाचं बोलणं दुसरा खोडणार.

चिकटणारी ती बोलकी बाजू, न चिकटणारी ती मुकी. छपाई मुक्या बाजूवर करायची. शीट दोन्हीकडून सारखंच काळं असतं, आणि गठ्ठ्यात ही शीटं एक उलटं, एक सुलटं अशी येतात, तीही वाटेत हलून क्रम बिघडलेली. मग बाजू ओळखायची कशी? तर शीटचा छोटा तुकडा घेऊन वरून आडवा ओढायचा. बोलकी बाजू बोटांखाली खरखरते, तुकडा पट्ट्यापट्ट्यावरून उड्या मारत जातो. मुकी बाजू त्याला गुपचूप सरकू देते. मग मुक्या बाजूच्या कोपऱ्यात खडूची खूण, की शीट निघालं मशीनकडे. हे काम माझं. कपाटाला लावूनही बाजू कळते, पण तोवर माझी चार शीटं होतात.

निदान होत होती. गेल्या महिन्यातच मालक म्हणाला होता, की हल्ली एका बाजूने पांढरी केलेली शीटं मिळतात, त्यांना बाजू बघणारं माणूस लागत नाही. "पण मावशी, तुमची बोटं आहेत तोवर चालू दे," तो म्हणाला होता. "फक्त तक्रार येऊ देऊ नका."

आणि ही तक्रार टेबलावर खोकं घेऊन उभी होती.

आवाज ऐकून मालक बाहेर आला. मी त्याला तोंड उघडू दिलं नाही. मजकूर जुळवणाऱ्या मुलीने कागद उलटा दिला असेल, म्हटलं. ती म्हणाली, मी शीटला हातही लावत नाही. मग कापणाऱ्याने गठ्ठा पाडला असेल. तोही कानावर हात ठेवून मोकळा. मग मी माल पाठवणाऱ्याला धारेवर धरलं. हल्लीच्या मालात दम राहिलेला नाही, शीटं मुळमुळीत येतात, हे मी किती महिने सांगतेय, पण इथे माझं ऐकतो कोण?

हंकाका एवढा वेळ मशीनवर होता. कशालाही 'हं' एवढंच उत्तर देतो, म्हणून तो हंकाका. मशीन थांबवणं त्याच्या अगदी जिवावर येतं. जेवायची सुट्टी झाली तरी हातातला गठ्ठा संपल्याशिवाय तो उठत नाही. आज तो चालू मशीन सोडून आला आणि त्याने माझ्यासमोर एक शीट ठेवलं. त्याच दवाखान्याच्या कामातलं, छपाईविना उरलेलं. कोपऱ्यात खडूची खूण होती, शेपटी वळवलेली. तशी खूण इथे दुसरं कुणी करत नाही. मालकाने ते खुणेच्या बाजूने कपाटाला लावलं. घट्ट बसलं.

मी ते ओढून काढलं, टेबलावर आपटलं आणि तुकडा घेऊन वरून ओढला. काही नाही. उलटं केलं, पुन्हा ओढला. काही नाही. "बघा," मी म्हटलं, "दोन्ही बाजू मुक्या. मालच खराब आहे." मशीनचा खडखडाट डोक्यात जात होता. "आणि ते आधी बंद करा."

हंकाकाने मशीन बंद केलं. मी तिसऱ्यांदा तुकडा ओढला.

खर्रर्र.

सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. बोटांना काहीच कळलं नाही. पट्टी नसलेल्या बोटांनाही नाही. डाव्या हाताने ओढून बघितलं. पुन्हा तोच आवाज, आणि हात जसे दुसऱ्या कुणाचे.

खरं सांगायचं तर मला थोडं आधीपासून कळत होतं. मालाला शिव्या घालणं सोपं होतं, एवढंच.

"चूक माझी आहे," मी बाईंना म्हटलं. "परवा या. एकही पडणार नाही." मग मालकाकडे वळले. "पुढच्या महिन्यापासून ती पांढरी शीटं मागवा. हे काम तेवढं मी पुरं करून देते."

त्याने नको म्हणावं असं मला फार वाटत होतं. तो "मावशी" म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, कपाटाला लावून बघा, घाई नाही. मी म्हटलं, ते कुणीही करेल.

दुपारी पंचवीस शीटं घेऊन बसले. हंकाकाकडे संध्याकाळी न्यायच्या पावतीपुस्तकांचं काम होतं, मशीन धडधडत होतं. पहिलं शीट पुढ्यात ओढलं आणि तुकडा उचलला, तर मशीन थांबलं. तुकडा ओढला. खर्रर्र. शीट उलटं केलं, खडूची खूण केली. मशीन सुरू झालं. दुसरं शीट घेतलं, पुन्हा थांबलं.

"काय झालंय त्याला?" मी ओरडले.

"तापतंय," हंकाका म्हणाला.

"बावीस वर्षांत कधी तापलं नाही ते."

"हं," तो म्हणाला, आणि फडक्याने हात पुसत राहिला.

मी तिसरं शीट पुढे घेतलं. मशीन थांबलं. मी मान खाली घातली, तुकडा शीटवर ठेवला आणि कान दिला.