भूतानच्या झग्याचं माप

आंधळगावात आमच्या मोठ्या भावाइतका, खेमराजइतका, चांगला कोसा, म्हणजे रानरेशमाचं कापड, कुणी विणत नाही, हे सगळ्यांना खेमराजच सांगायचा. कापड घ्यायचा भंडाऱ्याचा व्यापारी सेवकराम. नाक मुरडून, भाव पाडून.

त्र्याऐंशी साली वहिनीचे भाऊ मधुकरराव सुट्टीवर आले. ते भूतानात धरणावर ओव्हरसियर होते.

"पैसा आपला, पाणी त्याइचं," ते सांगू लागले. "बिजली बनली का आपूनच विकत घेऊ. धरणासाठी पक्की सडक झाली, पहाडात ट्रक चढते. बजार भरून राहिला, भाऊजी."

"पैसा आला का मानूस पयले कपडा घेते," खेमराज म्हणाला. "थे लोकं घालतेत काय?"

पुरुष गुडघ्यापर्यंत झगा घालतात आणि सणाला रेशमी लागतो, एवढं ऐकणं त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी तो सेवकरामला सांगून आला, "माहा माल आता परदेशात जाते. तुमी दुसरा विणकर पाहा." बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

खांद्यापासून गुडघ्यापर्यंत बेतून, बोटभर कापड वाया न घालवता, त्याने तीन झग्यांचं कापड विणलं आणि पार्सल केलं. दीड महिन्याने ते परत आलं. सोबत मधुकररावांची चिठ्ठी होती: कापड सगळ्यांना आवडलं, पण झगा पायघोळ लागतो. तो वर ओढून कमरेला पट्टा बांधतात, आणि वर जो झोळ सुटतो त्यात वाटी, सुपारी, सगळं ठेवतात. तुमच्या कापडात झोळ सुटत नाही. गिऱ्हाईक विचारतं, सुपारी कुठे ठेवू?

"थैली घ्या म्हना," खेमराज भडकला. पण आता सेवकरामची पायरी पुन्हा चढावी लागणार, या विचाराने तो दोन दिवस धड जेवला नाही. मला हसू यायचं आणि त्याची कीवही यायची.

कौशल्यावहिनी मागासाठी कांड्यांवर सूत भरत होती. "मले काहून नाही इचारलं?"

"तुले भूतानातलं काय समजते?"

वहिनी उठली. लुगड्याच्या कमरेच्या घडीतून तिने एकेक वस्तू काढून चटईवर ठेवली: तंबाखूची डबी, चुना, पेटीची किल्ली, दोन लिंबं, आणि खेमराज सकाळपासून शोधत होता तो त्याचा चष्मा.

"तुमी निसतं आंग मोजलं," ती म्हणाली. "सामान कोन मोजते?"

नवीन माप तिनेच दिलं. खेमराजने फुगलेल्या तोंडाने विणलं. दिवाळीआधी बारा झग्यांची मागणी आली.

ही बातमी भंडाऱ्याला पोचली तसा सेवकराम स्वतः आमच्या दारी आला. इतर विणकरांकडून तोही असाच माल करून घेणार होता. "खेमराजभाऊ, माप कसं बसवलं?" त्याने गोड आवाजात विचारलं.

आता भाऊ तासभर स्वतःची आरती ओवाळणार, म्हणून मी भिंतीला टेकून बसलो. खेमराजने मागावरचा धोटा थांबवला आणि कांड्या भरणाऱ्या वहिनीकडे पाहिलं.

"तीस वर्षं बायांचे लुगडे विणून राहिलो," तो म्हणाला. "कमरेत काय ठेवता म्हनून एकीलेही इचारलं नाही. मापाचं मले नका इचारू, सेठ. तिच्या हातचं काम सरू द्या, मंग तिले इचारा."