सर्वात मोठा अवयव

माझी बायको धम्मदीना चव्वेचाळीस वर्षांची झाली आणि तिने घरात जाहीर केलं, की ती सरकारी शाळेतल्या प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी परीक्षा देणार. पुढच्या वर्षी वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे तिची पहिली संधी हीच आणि शेवटचीही हीच. बारावी सायन्सला शाळेत पहिली आलेली बाई ही, आणि त्यानंतर आमच्या घरात आली.

मी म्हटलं, जरूर दे. बायकोला अडवणाऱ्यांतला मी नाही. फक्त जीवशास्त्र मी शिकवणार, एवढंच म्हटलं. माझे आजोबा महूच्या फौजी इस्पितळात जखमा बांधणारे ड्रेसर होते. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बाबू झालो म्हणून काय झालं, शरीराचं ज्ञान आमच्या खानदानात आहे.

तिची अभ्यासाची पद्धत मात्र तिची स्वतःची होती. रोज सकाळी मी दाढी करत असलो की ती माझ्या अंगावर चिठ्ठ्या चिकटवायची. छातीवर हृदय, कप्पे चार. उजव्या बरगड्यांखाली यकृत. पाठीवर दोन वृक्क, कारण आपण घरात मूत्रपिंड म्हटलं तरी पेपर हिंदीत येतो. मांडीवर सर्वात लांब हाड, कानामागे सर्वात लहान. मग हातात गाईड धरून माझ्याभोवती फेऱ्या मारत पाठांतर चालायचं. एकदा घाईत कानामागची चिठ्ठी तशीच राहिली आणि ‘स्टेपीज’ घेऊन मी ऑफिसात दिवसभर बसलो. कोणाला नवल वाटलं नाही. जुन्या इंदुरात आमच्या गल्लीतच सहा घरं कुठल्या ना कुठल्या परीक्षेची तयारी करतात, लोकांना सवय आहे.

भांडण एकाच प्रश्नावर झालं. मानवी शरीरातला सर्वात मोठा अवयव कोणता?

“यकृत,” ती म्हणाली. “गाईडमध्ये साफ लिहिलंय.”

“गाईड गेलं चुलीत. त्वचा! यकृत ही सर्वात मोठी ग्रंथी आहे. अवयव म्हटलं की त्वचा.”

“बरं. मग चिठ्ठी कुठे लावू? ज्याची चिठ्ठी कुठे लावायची तेच समजत नाही, तो काय अवयव झाला?”

“म्हणूनच तर सर्वात मोठा!”

आमची मुलगी संबोधी कॉलेजात आहे. ती म्हणाली, “मम्मी, पप्पा, तुम्ही लोक एका मार्कासाठी घर डोक्यावर घेता यार!” पण मी हार मानणारा माणूस नाही. महिनाभर मी जेवताना, झोपताना, भाजी आणताना ‘त्वचा, त्वचा’ करत राहिलो. शेवटी तिने वाद घालणं सोडलं. तिला पटलं, असं मी समजलो.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाबाहेर तीन तास उभा होतो. ती बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला होता. मी आधी पाणीसुद्धा विचारलं नाही.

“तो प्रश्न आला?”

“आला.”

“मग? काय लिहिलंस?”

तिने माझ्या घामेजलेल्या शर्टाकडे पाहिलं. “त्वचा,” म्हणाली. “चला, भूक लागलीये.”

त्या दिवशी मी पोहे-जलेबी दोनदा मागवली. खरं सांगतो, पेपर मीच देऊन आल्यासारखं वाटत होतं.

दहा दिवसांनी परीक्षा मंडळाने तात्पुरती उत्तरं इंटरनेटवर टाकली. त्रेचाळिसाव्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं: यकृत. माझं डोकं फिरलं. माझ्या बायकोने बरोबर लिहावं आणि मंडळाने ते चूक ठरवावं? उत्तरावर आक्षेप घ्यायला सात दिवसांची मुदत होती.

“जाऊ द्या ना,” धम्मदीना म्हणाली. “बाकीचा पेपर मस्त गेलाय. कशाला पंगा घेता?”

“अन्याय सहन करायचा?”

“मी करते ना सहन. तुम्ही शांत बसा. माझी शपथ आहे.”

किती सोशिक बाई, असं वाटून मला भरून आलं. फॉर्म मीच भरला होता, त्यामुळे ओटीपी माझ्याच मोबाइलवर यायचा. तिच्या नकळत मी आक्षेप टाकला. अकरावीच्या पुस्तकाचं पान जोडलं, वर हिंदीत दीड पान अर्ज लिहिला. निकालाच्या दिवशी तिला सरप्राइज द्यायचं ठरवलं.

महिन्याभराने अंतिम उत्तरं आली. प्रश्न त्रेचाळीस, सुधारित उत्तर: त्वचा. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण सरकारने माझं म्हणणं ऐकल्याची ही पहिलीच वेळ. मी एकटाच गच्चीवर जाऊन दोन चकरा मारून आलो.

त्याच संध्याकाळी निकाल लागला. संबोधीने दोनदा पाहिला, मग हळूच वाचला. “मम्मी, एका मार्काने राहिलं.”

धम्मदीना खाली बसली. मी म्हटलं, “असं कसं होईल? त्वचेचा मार्क धरलाय का बघ.”

“त्वचेचाच गेला,” ती म्हणाली. “मी यकृत लिहिलं होतं.”

मग तिचा बांध फुटला. “पहिल्या उत्तरांप्रमाणे मी पास होते हो! मोजून ठेवलं होतं मी. कोणत्या मेल्याने आक्षेप घेतला कोण जाणे. त्याला जन्मभर बिना शेवचे पोहे मिळोत!”

संबोधीने माझ्याकडे पाहिलं. पोरीला माझा चेहरा वाचता येतो. मी दोन दिवस काढले. दोन्ही दिवस धम्मदीना त्या अज्ञात माणसाला शिव्या देत होती आणि मी मान हलवून साथ देत होतो. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने त्याच्या आजोबांपर्यंत मजल मारली, तेव्हा मला राहवलं नाही. ताट सारून मी सगळं सांगून टाकलं. अर्ज, पुस्तकाचं पान, ओटीपी.

तिने हातातला घास खाली ठेवला.

“मग तू त्वचा लिहिलं म्हणून का सांगितलंस?” मी रडवेला होऊन विचारलं.

“तुम्ही तीन तास उन्हात उभे होतात. म्हटलं, कशाला उगाच तुमचं तोंड उतरवू.”

“पण लिहिलंस का यकृत? मी महिनाभर घसा फोडत होतो!”

“ऐकू येत होता ना तुमचा आवाज. तिथे हॉलमध्येसुद्धा. दोन्ही पर्याय समोर होते.” तिने माझं ताट परत माझ्यापुढे ओढलं आणि पोळी वाढली. “म्हटलं, पंचवीस वर्षं सगळं तुमच्याच मनाप्रमाणे झालं, आज एक गोष्ट स्वतःच्या मनाने लिहू. तर तीसुद्धा तुम्ही जाऊन दुरुस्त करून आलात.”