उचकीबाई

नाताळच्या दिवशी बेरिलच्या घरात टर्की करपली तरी चालायचं, टीव्हीवरचं राणीचं भाषण हुकलं तरी चालायचं. पण संध्याकाळी पोस्ट ऑफिसवरच्या त्या जुन्या विनोदी मालिकेचा नाताळचा खास भाग लागला की ब्र काढायची कुणाची टाप नसे. मालिका काही थोर नव्हती. खोट्या भिंती हलायच्या, नट वाक्यं विसरायचे. पण चित्रीकरणाच्या वेळी समोर बसवलेल्या प्रेक्षकांत बेरिलचा नवरा क्लिफर्ड होता, आणि त्याचं हसू त्यात कायमचं राहून गेलं होतं.

पोस्टमास्तर पाद्र्याचा झगा घालून, जिवंत हंस काखेत धरून दारातून आत येतो. विनोद कळायला लोकांना क्षणभर उशीर होतो. त्या शांततेत एकटा क्लिफर्ड हसतो, अगदी पोट धरून. त्याच्या मागोमाग एक बाई हसते. तिचं हसू वर वर चढत जातं आणि उचकी लागून तुटतं. मग सगळे हसतात.

क्लिफर्डला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या आवाजाची दुसरी कसलीही खूण घरात नव्हती. त्या अनोळखी बाईचं नाव घरच्यांनी उचकीबाई ठेवलं होतं, आणि बेरिलला ती आवडायची. आपला माणूस एकटाच हसला, तर या बापडीने त्याची लाज राखली, असं तिला वाटे. खरं तर क्लिफर्डने आधी बेरिललाच विचारलं होतं. "एवढ्या थंडीत मँचेस्टरला जायचं, आणि ते कशाला, तर हसायला?" असं म्हणून तिने त्याला उडवून लावलं. मग तो गिरणीतल्या कुणा दोस्ताला घेऊन गेला, असं त्याने सांगितलं होतं.

यंदा बेरिलची धाकटी बहीण नॉर्मा जेवायला होती. लग्न करून ती स्पेनला गेली ती तिकडचीच झाली. आता नवरा वारल्यावर ती इथे बोल्टनला परतली होती. जेवणं झाली, डोक्यावर नाताळचे कागदी मुकुट चढले, शेरीचे पेले रिकामे झाले, आणि मालिका सुरू होणार तोच नॉर्मा उठली.

"मी जरा वर जाऊन पडते गं."

"मावशी, पळायचं नाही हां," बेरिलची लेक जिलियन म्हणाली. "बाबांचं हसू ऐकल्याशिवाय या घरात चहा मिळत नाही."

नॉर्मा बसली. मुलींनी फिदीफिदी हसलेलं बेरिल-नॉर्माच्या आईला अजिबात खपायचं नाही, म्हणून दोघी बहिणी लहानपणीच ओठ मिटून हसायला शिकल्या होत्या. पण शेरी पोटात गेल्यावर ती शिकवण कुठली टिकायला? पोस्टमास्तर हंस घेऊन आत आला. क्लिफर्ड हसला, आणि नॉर्माला आवरेना. टीव्हीत एक उचकी लागली, सोफ्यावर दुसरी.

जिलियनने टाळी वाजवली. "अगं आई, उचकीबाई आपल्याच घरात! मावशी, तू होतीस की काय तिथे?"

"मी? छे! मला कोण नेतंय?" नॉर्माचा चेहरा लालबुंद झाला.

हो म्हणाली असती तर काहीच झालं नसतं. बहिणीच्या नवऱ्याबरोबर दिवसाढवळ्या बसमधून जाण्यात काय वावगं होतं? बेरिल त्या "छे"पाशीच अडकली. जिलियन मात्र हसत हसत सँडविच करायला स्वयंपाकघरात गेली.

"तेवढंच एकदा?" बेरिलने विचारलं.

"त्याने आधी तुला विचारलं होतं, बेरिल."

"मी काय विचारतेय?"

नॉर्माने मुकुट काढून मांडीवर ठेवला. "मी स्पेनला जाईपर्यंत."

या सटवीच्या झिंज्या उपटाव्यात, तिला बॅगेसकट रस्त्यावर काढावं, असं बेरिलला झालं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"तुझ्यापाशी तो असाच हसायचा? नेहमी?"

नॉर्माने मांडीवरच्या मुकुटाची घडी घातली. "हो."

या घरात क्लिफर्ड कधी असा हसला नव्हता. पेपरातलं काही वाचून मिशीतल्या मिशीत हसायचा, विचारलं तर "काही नाही" म्हणायचा. माझ्या माणसाचा स्वभावच अबोल, असं बेरिल जन्मभर शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत आली होती. तो अबोल नव्हताच. त्याला तिच्यापाशी हसू येत नव्हतं, एवढंच.

जिलियन ताट घेऊन आली. रिमोट उचलून तिने भाग मागे नेला. पोस्टमास्तर दाराबाहेर थबकून उभा राहिला.

"लावू परत? बाबांसाठी?"

नॉर्मा उठायला लागली. "बस खाली," बेरिल म्हणाली, आणि लेकीकडे न बघता पुढे म्हणाली, "लाव."

दुसरीकडे कुठे तिला तो असा हसताना ऐकायला मिळणार होता?