नाव न घेता

त्र्यंबकराव ओगल्यांच्या व्याख्यानमालेचा एक नियम सगळ्या डोंबिवलीला पाठ होता. वक्त्यानं सरकारला झोडपावं, समाजाची खरडपट्टी काढावी, पण कुणा व्यक्तीचं नाव घ्यायचं नाही. तत्त्वावर बोला. एकदा एका प्राध्यापकांनी भर सभेत महापालिकेतल्या एका अधिकाऱ्याचं नाव उच्चारलं, तर त्र्यंबकरावांनी पहिल्या रांगेतून उठून त्यांच्यापुढे पाण्याचा पेला नेऊन ठेवला. पाणी प्या, म्हणजे गप्प बसा, हे प्राध्यापकांना बरोबर कळलं.

दुसरा नियम कुणी केलेला नव्हता, तो चालत आलेला. वक्ता कितीही मोठा असो, मानधन नाही. शाल आणि श्रीफळ. न्यायाधीश येऊन गेले, शास्त्रज्ञ येऊन गेले, सगळे नारळ काखोटीला मारून हसतमुखानं परत गेले. त्यामुळे मोठी माणसं चांगल्या कामाला फुकटच येतात, असा त्र्यंबकरावांचा पक्का समज झाला होता. हा समज डोंबिवलीबाहेर किती चालतो ते तपासायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती त्र्याण्णव साली आली.

तेव्हा सरकारी रोख्यांचा घोटाळा गाजत होता. बँकांनी एकमेकींशी रोख्यांचे व्यवहार करायचे, मध्ये दलाल, आणि रोखे मात्र जागचे हलत नसत. हलायच्या त्या नुसत्या पावत्या. त्यातल्या कितीतरी पावत्यांमागे रोखेच नव्हते. देशभर बोंब झाली आणि संसदेनं खासदारांची चौकशी समिती नेमली. समिती बँकांच्या माणसांना बोलावून बंद दाराआड साक्षी घेऊ लागली, आणि दाराआड झालेलं बोलणं दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येऊ लागलं.

त्र्यंबकरावांना हे सहन होईना. ते स्वतः एका बँकेच्या रोखे विभागातून निवृत्त झालेले, घोटाळ्याच्या पुष्कळ आधी. ज्यांच्यावर कोर्टात खटले चालायचे आहेत त्यांना खासदारांनी आधीच बंद खोलीत दोषी ठरवायचं, हा कुठला न्याय? त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. अर्थात कुणाचंही नाव न घेता. पत्र छापून आलं आणि आठवड्याभरात ठाण्याचे वकील बाळ टिपणीस ते कात्रण नाचवत दारात हजर.

"काका, काय लिहिलंयत! हे पेपरात कुजवू नका. हायकोर्टात जनहित याचिका करू. नाव तुमचं. मोठे वकील उभे राहायला तयार आहेत."

"त्यांची फी?"

"अहो, जनहितासाठी आहे हे!"

पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. विचारला नाही. स्टॅम्पापुरते पैसे त्र्यंबकरावांनी पाकिटातून काढून दिले, आणि 'सर्व खर्च मी स्वतः करीत आहे, यात माझा वा अन्य कुणाचा स्वार्थ नाही' असं शपथपत्र मनापासून केलं. मोठ्या वकिलांसाठी त्यांनी एक चांगली शाल घेऊन ठेवली. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस तुमच्यासाठी फुकट उभा राहतो? कमाल आहे." बायकोला कोर्टकचेरीतलं काय कळतं, असं त्र्यंबकरावांना वाटलं. बोलले मात्र नाहीत, तेवढी अक्कल संसारानं दिली होती.

याचिका दाखल झाली. पहिल्याच तारखेला समितीच्या वकिलांनी कोर्टाला सांगितलं की, पुढच्या तारखेपर्यंत बँक कर्मचाऱ्यांच्या साक्षी आम्ही घेणार नाही. गल्लीत पेढे वाटायचंच काय ते बाकी राहिलं.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दामाजी आला. दामाजी कोळी, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. त्र्यंबकरावांच्याच विभागात शिपाई होता, या बँकेतून त्या बँकेत पावत्या पोचवायचं काम त्याचं. हातात ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा, पण गालफडं बसलेली.

"मंजुलानं दिल्यान," म्हणत त्यानं डबा मंदाकिनीबाईंकडे दिला आणि खुर्ची असताना जमिनीवर बसला.

"वर बस रे," त्र्यंबकराव म्हणाले. "काय म्हणतंय ऑफिस?"

"कवाचा घरी बसवलाय मना, साहेब. सस्पेंड."

आणि मग त्यानं सांगितलं. एक मोठी पावती गहाळ झाली होती. ती दुसऱ्या बँकेत पोचलीच नाही. बँक म्हणते, दामाजीनं हरवली. दामाजी म्हणतो, विभागातल्या नव्या साहेबानं खाली पाठवलं, गाडीत दलालाचा माणूस बसला होता, त्याच्या हातात द्यायला सांगितली, मी दिली. खात्याच्या चौकशीत त्याचं कुणी ऐकलं नाही. साहेबाविरुद्ध शिपायाचं कोण ऐकतो? वाड्यात लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण होडीच्या पूजेला यंदा त्याला नारळ धरायला बोलावलं नाही. वर्षानुवर्षं तो मान त्याच्या घरचा होता.

"मंग त्या दिल्लीच्या कमिटीनं बोलावला मना," दामाजीचा चेहरा जरा उजळला. "चिठ्ठी आली. मुंबईला येतात, सगला आयकून घेनार. मंजुलानं नवस बोलला. आनि आता बोलतान, थांब. कोनी तरी कोर्टात गेला, तं शिपाई-क्लारकांचा काय आयकायचा नाय."

त्र्यंबकरावांच्या हातातली करंजी हातातच राहिली.

"साहेब, तुमी पन रोख्यांच्या कामात कोर्टात गेलाव असा आयकला. तं तुमी त्या मानसाला सांगा ना. कोन हाय तो?"

स्वयंपाकघराच्या दारात मंदाकिनीबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्र्यंबकराव म्हणाले, "बघतो. बघतो मी."

दामाजी गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "तो माणूस तुम्हीच ना?"

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव शाल आणि नारळ पिशवीत घालून फोर्टातल्या मोठ्या वकिलांच्या चेंबरवर गेले. मनात हिशेब सरळ होता. सत्कार करायचा आणि विनंती करायची की याचिका मागे घ्या. बाहेरच्या खोलीत वकिलांचा कारकून टाइप करत बसला होता. त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्याला हसू आवरेना.

"काका, हे कशाला? साहेबांची फी गेल्या आठवड्यातच आली. कॉन्फरन्सची, म्हणजे नुसतं बसून बोलायचीसुद्धा."

"कुणाकडून?"

"पार्टीकडून." त्यानं एका दलालाचं नाव घेतलं. रोज पेपरात येणारं नाव. "का? टिपणीस बोलला नाही तुम्हाला?"

त्र्यंबकरावांनी मनात हिशेब जुळवला. ज्यांच्या विरुद्ध चौकशी, त्यांनीच ती थांबवायला पैसे मोजलेले, आणि पुढे केलेलं तोंड डोंबिवलीच्या ओगल्यांचं. इतकी वर्षं जपलेलं नाव, आणि ते भाड्यानं गेलं तेही फुकट.

आतून टिपणीस आला. त्र्यंबकराव म्हणाले, "याचिका मागे घ्या. आत्ता."

"काका, जनहित याचिका अशी मागे घेता येत नाही," टिपणीस समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती आता तुमची राहिली नाही, जनतेची झाली. तुम्ही बाजूला झालात तर आम्ही दुसरा उभा करू. आणि शपथपत्रावर सही तुमची आहे. खर्च मी करतोय, असं लिहून दिलंयत. कोर्टात तोंड उघडलंत तर खोटी शपथ तुमच्याच गळ्यात. पेन्शनीत आहात, शांत बसा ना."

नारळ त्या टेबलावरच राहिला. शाल मात्र त्यांनी पिशवीतून परत आणली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चार दिवस त्र्यंबकराव जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. पाचव्या दिवशी मंदाकिनीबाई वैतागल्या. "झुरून काय होणार? जा आणि दामाजीला सांगा. त्याला तरी अंधारात ठेवू नका."

चेंदणीच्या बंदरावर दामाजी जाळं विणत बसला होता. बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस, हात विसरले नव्हते. शेजारी त्याची बायको मंजुळा सुकट पसरत होती. त्र्यंबकरावांनी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

दामाजीनं वर न बघता जाळ्याची पुढची गाठ मारली. चिडला असता तर बरं झालं असतं. मंजुळा मात्र उठून उभी राहिली. "म्हंजे तो मानूस तुमीच? आमच्या करंज्या खाल्ल्याव तुमी!"

"गप गो," दामाजी म्हणाला. मग त्र्यंबकरावांना म्हणाला, "साहेब, हा सगला कोर्टाला सांगाल?"

"सांगेन. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"मंग मी येतो आयकायला. माजा नाव घ्या. बोला, दामाजी चोर नाय, त्याला आयका. बस."

"घेईन," त्र्यंबकराव म्हणाले.

तारखेला दामाजी तोच पांढरा सदरा घालून कोर्टात शेवटच्या बाकावर बसला होता. समितीची चिठ्ठी खिशात. मोठे वकील बोलायला उठणार तेवढ्यात त्र्यंबकराव पुढे झाले आणि म्हणाले, याचिकाकर्ता मी आहे, मला बोलू द्यावं. टिपणीसानं मागून त्यांचा कोट ओढून पाहिला. न्यायमूर्तींनी त्याला हातानं थांबवलं.

आणि त्र्यंबकराव बोलले. इंग्रजीत, न अडखळता. आपण कसे फसलो, शपथपत्र कसं नकळत खोटं ठरलं, सगळं सांगितलं. शिक्षा द्यावी, भोगीन, असंही म्हणाले. हिंमत लागते त्याला आणि ती त्यांनी दाखवली, हे मान्यच केलं पाहिजे. वार्ताहर भराभरा लिहून घेऊ लागले. व्याख्यानमालेत कित्येक वक्ते होऊन गेले, पण असं भाषण तिथंही झालं नव्हतं.

समितीचे वकील उठले. मुंबईतलं काम संपवून समिती आज संध्याकाळीच दिल्लीला परत जाणार होती. जाण्याआधी एखादा साक्षीदार राहिला असेल तर त्याला ऐकायला तयार आहोत, असं ते म्हणाले.

न्यायमूर्तींनी त्र्यंबकरावांना विचारलं, "या याचिकेमुळे कुणाचं नुकसान झालं आहे का? कुणाचं ऐकायचं राहिलं आहे का?"

त्र्यंबकराव अजून त्याच भरात होते. वाक्य ओठावर तयार होतं. "माय लॉर्ड, प्रश्न एका व्यक्तीचा नाही. नुकसान झालं आहे ते जनतेच्या विश्वासाचं. सामान्य माणसाचा आवाज दाबला गेला."

न्यायमूर्तींनी मान हलवली. सामान्य माणसाला त्या संध्याकाळी साक्षीला बोलावता येत नव्हतं. याचिका फेटाळली, दलालावर ताशेरे ओढले आणि त्र्यंबकरावांच्या प्रामाणिकपणाचं दोन वाक्यांत कौतुक केलं. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

बाहेर आल्यावर वार्ताहरांनी गराडा घातला. ओगले हे नाव इंग्रजीत कसं लिहायचं, विचारलं. दामाजी जरा लांब उभा राहून वाट बघत होता. त्याला इंग्रजी कळलं नव्हतं, पण न्यायमूर्तींनी मान हलवलेली त्यानं पाहिली होती. परतताना त्यानं खिशातली चिठ्ठी दोनदा चाचपून पाहिली. त्र्यंबकरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती. म्हणून दामाजी "घरी चला, चा घ्या" म्हणाला तेव्हा ते हो म्हणाले.

मंजुळा दारातच होती. तिनं पाणी दिलं, राग बाजूला ठेवून चहाही पुढे केला. मग पदर खोचून समोर बसली.

"काय जाला?"

"केस उडाली," दामाजी म्हणाला. "साहेब लय बोलले. जज्जानं सगला आयकला. आपला पन काम जाला असल."

"यांचा नाव घेतला?" तिनं त्र्यंबकरावांना विचारलं.

"घेतला गो," दामाजीच म्हणाला. "साहेबांनी कबूल केलेला ना. एवढा बोलले, त्यात घेतलाच असल." आणि तो हसून त्र्यंबकरावांकडे वळला. "काय साहेब?"

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं. सकाळचं भाषण त्यांना पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत आठवत होतं. त्यांनी ते मनातल्या मनात परत तपासलं. न्यायमूर्तींचा प्रश्न आठवला, आपलं उत्तर आठवलं, आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला. बाहेर उन्हं उतरली होती. समिती एव्हाना निघाली असणार.

"नाही," ते म्हणाले. "नाव... नाव नाही घेतलं."

दामाजीचं हसू तसंच राहिलं, कारण ते कसं आवरायचं हे त्याला चटकन सुचलं नाही. त्यानं खिशातली चिठ्ठी काढली, उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

मंजुळा रागावली नाही. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, "मंग एवढा येल तुमी बोललाव तरी काय?"