सहा घरांतला उजेड

मी एक जुनी सहाबारी आहे, मित्रांनो. पोटात सहा गोळ्यांचं फिरतं चक्र असलेली, एका हातात धरायची बंदूक. वय विचाराल तर अठ्ठेचाळीस, त्यात लाजायचं काय? शिक्षण विचाराल तर माझ्या अंगावर कोरलेले सात आकडे, तेवढंच मला वाचता येतं. पण पोलाद अस्सल, मूठ अक्रोडाच्या लाकडाची, आणि वागणूक अशी की कुणी बोट दाखवावं अशी जागा नाही. काचेच्या कपाटात माझ्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या मुठीची नवी पिस्तुलं मिरवायची. मी मनात म्हणायची, मिरवा गं बायांनो, अजून तुम्ही एक हिवाळा पाहिलेला नाही.

माझा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझे आतले भाग कानसीने घासून बसवले. तो मला कानाशी धरून चक्र फिरवायचा आणि आवाज ऐकायचा. पसंत पडला नाही की पुन्हा उघडायचा. चौथ्या वेळी म्हणाला, "आता नीट बोलते." तेव्हापासून मी नीटच बोलते.

तिथून मला केंटकीच्या डोंगरात पाठवलं. परगण्याच्या पोलिसांत व्हर्लिन स्टॅम्पर नावाचा हवालदार होता, त्याच्या कमरेला मी एकोणीस वर्षं राहिले. तुम्हाला वाटेल, एवढ्या वर्षांत किती माणसं मारली असतील. एकही नाही. मोटारीने उडवलेलं एक हरीण रस्त्यात तडफडत होतं, त्याला मी सोडवलं. तेव्हा व्हर्लिनने डोक्यावरची टोपी काढली होती. बाकी सगळा नेम कागदावर. परगण्याच्या नेमबाजीत तीन वर्षं आम्ही डुकराची खारवलेली अख्खी मांडी जिंकून आणली, आणि सारी आळी ती खायला आली. असा माझा मान होता.

व्हर्लिनची एक सवय होती. मला हातात घेतलं की आधी चक्र बाहेर काढायचा, पुढची दांडी दाबून सगळं सांडायचा आणि मला खिडकीकडे धरायचा. सहा घरं, सहा उजेडाचे गोल. ते दिसले की मगच मला पुसायला घ्यायचा. चहा प्यायला खाली ठेवलं आणि परत उचललं, तरी पुन्हा तेच.

त्याची बायको हसायची. "अहो, आत्ताच तर पाहिलंत. मधल्या वेळात पिल्लं घातली का तिने?"

"घातली नाहीत, तेच तर बघतोय."

पुढे पोलिसांना नवी पिस्तुलं आली, पंधरा गोळ्यांची. व्हर्लिनने पदरचे पैसे भरून मला घरी नेलं. तो गेल्यावर त्याच्या लेकाने मला लोकरीच्या मोज्यात कोंबून पाना-पकडींच्या पेटीत टाकलं. लोकर ओल धरते, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं मी पकडीशेजारी पडून होते आणि माझ्या कुशीवर गंज चढत होता. पकड तरी अधूनमधून बाहेर जायची.

शेवटी त्या लेकाने मला होबर्टच्या दुकानात विकलं. होबर्ट म्हणजे सत्तरीचा, बुटका, मासेमारीचे गळ, जुनी बँजो आणि बंदुका विकणारा माणूस. त्याने तेल आणि चिंधी घेऊन चार दिवस माझी सेवा केली. गंज गेला, डाग राहिला. मला खालच्या फळीवर जागा मिळाली. लोक यायचे, वरचं बघून जायचे.

मग ऑक्टोबरात एका सकाळी ओलेटा आली.

साठीची बाई, विधवा, शर्टांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं कॉलर शिवलेली. बोटांचे सांधे सुजलेले. बरोबर सात वर्षांची नात डेल्फी आणि धाकटा दीर रँडल. रँडलच्या गालात तंबाखू होती आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं, विचारलेल्या आणि न विचारलेल्याही.

ओलेटाने काचेवर एक पाकीट ठेवलं. "होबर्ट, चारशे डॉलर आहेत. तीन आठवडे डोंगर चढून जिनसेंगची औषधी मुळं खणून विकली, त्याचे. यात सगळं बसलं पाहिजे. यापुढे माझ्याकडे मुळंही नाहीत आणि गुडघेही नाहीत."

"झालं काय?"

"दरवाजा फोडला. आम्ही चर्चमध्ये होतो तेव्हा. नवऱ्याच्या दुखण्यावरच्या औषधाच्या गोळ्या राहिल्या होत्या, त्या नशेसाठी नेल्या. बाकी कशाला हात नाही लावला. आता त्यांना घर माहीत झालंय. घरात मी आणि ही पोर. शेजार दीड मैलावर."

रँडल पुढे सरकला. "वहिनीला ते दे, गुलाबी मुठीचं. हलकं, छोटं. बायकांसाठीच काढलंय."

"कुठल्या बाईने काढलंय?" ओलेटाने विचारलं.

होबर्टने ते गुलाबी, वरचं एक नवं पिस्तूल आणि मला, तिघींना घेऊन सगळ्यांना दुकानामागच्या मातीच्या बांधाकडे नेलं. बांधासमोरच्या ओंडक्यावर कागदी थाळी ठोकलेली होती. डेल्फीला मागे ट्रकच्या फळीवर बसवून कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या.

मित्रांनो, हलकी बंदूक उडवायला सोपी, असं पुष्कळांना वाटतं. उलट असतं. वजन नसलं की सगळा धक्का हातावर येतो. गुलाबीने पहिल्याच बाराला ओलेटाचं मनगट असं झटकलं की दुसऱ्या वेळी तिने आधीच डोळे मिटले. गोळी थाळीच्या हातभर खाली, मातीत.

"सवय होईल," रँडल म्हणाला.

"कशाची? डोळे मिटायची?"

मग नवं पिस्तूल. किंमत तीनशे नव्वद डॉलर. त्याचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत जात नाही. ओलेटाने ओढलं, दात खाल्ले, पुन्हा ओढलं. कॉलर शिवून वाकलेल्या बोटांना ते जमेना.

"त्यात काय," रँडल म्हणाला. "मी भरून देतो. तयार ठेव उशाशी. चाप ओढायचा, बस."

"आणि रोज उतरवायला तू येशील? ही पोर माझ्या उशाशीच झोपते, रँडल."

"लपवून ठेव."

"लपवलेली नाताळची भेट तिला सापडली नाही असं एक वर्ष दाखव."

होबर्ट म्हणाला, "आणि हे घेतलं तर हातात दहा डॉलर उरतात. त्यात काय घेशील, घरी जाताना आईस्क्रीम?"

मग माझी पाळी आली. होबर्टने माझे दोष आधी सांगितले, ते मला आवडलं. "कुशीवर डाग आहे. मूठ झिजलीय. खिशात मावत नाही. पण आत सगळं घट्ट आहे. अडीचशे." त्याने चक्र उघडलं, आकाशाकडे धरलं, सहा गोल दाखवले, आणि मला ओलेटाच्या हातात दिलं. दिल्यावर म्हणाला, "आता तू बघ."

"तू आत्ता पाहिलंस ना."

"मी पाहिलं. तू नाही पाहिलंस. हात बदलला की नव्याने बघायचं. इथे कुणाचा शब्द चालत नाही, माझासुद्धा."

ओलेटाने पाहिलं. मग दुकानातल्या नव्या गोळ्या भरून सहा बार केले. सावकाश. माझं वजन तिच्या हाताला भार नाही झालं, आधार झालं. सहाच्या सहा गोळ्या थाळीत. 

तरी ती अडली. पाकीट मुठीत धरून कधी माझ्याकडे, कधी त्या नव्याकडे बघत राहिली. रँडल तिच्या कानाशी लागला होता. "मेलेल्या हवालदाराचं जुनं धूड घेणार? सहा गोळ्या फक्त. आयुष्यात एकदाच घेतेयस वहिनी, नवं घे. वर आणखी कुलपाची पेटी-बिटी, गोळ्या, त्याला पैसे कशाला? माझ्याकडे डबाभर गोळ्या आहेत, काकाच्या गोठ्यातल्या. फुकट."

एवढ्यात पुढच्या दाराची घंटी वाजली. "गिऱ्हाईक आलं," होबर्ट म्हणाला. "मी येईपर्यंत कुणी काही उडवायचं नाही."

तो आत वळला आणि रँडलने ट्रकमधून डबा आणला. कॉफीचा, गंजलेला. "बघ, कशा चालतात ते." त्याने माझ्या पोटात ती सहा काडतुसं घातली. हिरवट, ओल खाल्लेली. घास तोंडात गेल्यावर शिळा आहे हे कळतं ना, तसं मला कळलं. पण मला थुंकता येत नाही, मित्रांनो. मला फक्त सांगितलेलं करता येतं.

कानांवर टोप्या घालून, बोलत बोलतच, त्याने भराभर चाप ओढला. तिसऱ्या घरात माझा घोडा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारा हातोडा, पडला आणि काहीच झालं नाही. फक्त टक् झालं. रँडलला ते कळलंही नाही. पुढचे तीन फुटले.

"सहा," तो म्हणाला. टोपी काढून वळला.

"पाच," ओलेटा म्हणाली.

"वहिनी, भरल्या कुणी? मी. सहा."

डेल्फी ट्रकवरून उतरून जवळ आली होती. "मी धरून बघू? जड आहे का?"

"ये की," रँडल म्हणाला. "रिकामी आहे. चाप ओढून बघ, किती घट्ट आहे."

आणि त्याने मला त्या पोरीकडे पुढे केलं, नळी तिच्याच दिशेला.

एकोणीस वर्षं कमरेला राहून मी माणसाच्या अंगावर ओरखडा काढला नाही. आणि आता माझ्या तिसऱ्या घरात एक जिवंत काडतूस अर्धवट जागं बसलं होतं. पोरीने तीनदा चाप ओढला असता तर घोडा पुन्हा त्याच्यावर पडला असता. पोरं एकदा ओढून थांबत नाहीत.

मध्ये ओलेटाचा हात आला. तिने आधी माझी नळी मातीकडे वळवली, मग मला काढून घेतलं.

"अगं रिकामी आहे. मी खोटं बोलतोय का?"

"बोलत नसशील. सत्तावीस वर्षं मी डझनावर पैसे मिळवलेत. मला मोजायला कुणी शिकवू नये."

तिने चक्र उघडलं. रँडल वाकला आणि हसला. "बघ, सहाही काडतुसांच्या बुडावर घोड्याचा खळगा आहे. सगळ्या उडाल्यात."

खळगे सहा होते, ते खरंच. मागून पाहिलं तर सगळी सारखीच दिसत होती. पण ओलेटाला उजेड दिसला नाही. तिने दांडी दाबली. पाच पुंगळ्या दगडावर किणकिणत पडल्या. सहावी पडली ती थप्प करून. तिच्या तोंडाशी शिशाची गोळी तशीच बसलेली होती.

रँडलच्या गालातली तंबाखू चघळायची थांबली.

"वहिनी, मी..."

"ट्रकमध्ये जाऊन बस. डबा इथेच ठेव."

तो गेला. ओलेटाने डेल्फीला कुशीत ओढलं आणि मला मात्र तिच्यापासून लांब, नळी खाली करून धरून ठेवलं. होबर्ट परत आला. त्याने दगडावरचं काडतूस पाहिलं, डबा पाहिला, रँडलची रिकामी जागा पाहिली. डबा उचलून तेलाच्या बादलीत बुडवला.

"हीच दे," ओलेटा म्हणाली. "आणि कुलपाची पेटी. आणि उरलेल्यात नव्या गोळ्या. सरावाला लागतील."

"नवं पिस्तूल नको?"

"मोठी वस्तू घेऊन पुढे गोळ्यांत कंजूषपणा केला की काय होतं, हे आज बघितलं मी."

होबर्टने सरकारी फॉर्म भरून घेतला, तिच्या नावावर गुन्हा नाही ना हे तपासायला फोन लावला, पलीकडून होकार आला. पेटीचे त्याने निम्मेच लावले. ओलेटाने ते पाहिलं आणि म्हणाली, "दया नको मला." तो म्हणाला, "दया नाही. मी घंटी ऐकून आत गेलो, त्याचे आहेत." मग तिने पैसे मोजून दिले.

आता मी ओलेटाच्या कपाटात, लोखंडी पेटीत राहते. किल्ली तिच्या गळ्यात. मोजा नाही, तेल लावलेली सुती चिंधी. महिन्यातून एकदा दोघी होबर्टकडच्या बांधावर जातो. ते चोर पुन्हा आले नाहीत. आले तर बघू. दाराला नवा अडसर आहे, कुत्रा आहे, आणि ओलेटाला आता शांत झोप लागते.

मागच्या रविवारी रँडल जेवायला आला. वर्षभर तो या घरात माझा विषय काढत नव्हता. घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी झाल्यावर ओलेटाने पेटी उघडली, चक्र पाहिलं, सहा गोल पाहिले आणि मला सरळ त्याच्या हातात दिलं.

"तेल घाल हिला. माझी बोटं आज चालत नाहीत."

रँडलने मला घेतलं. ओलेटाने आत्ताच पाहिलं होतं, त्याच्या डोळ्यांसमोर. तरी त्याने चक्र बाहेर काढलं. दांडी दाबली. काही पडलं नाही. मग मला खिडकीकडे धरलं आणि धरूनच राहिला.

"मधल्या वेळात काय होणार होतं?" ओलेटाने विचारलं.

"काही नाही, वहिनी. तरी."

ओलेटाने त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला गंज चढला तर होबर्टसारखा कुणीतरी तो काढेल. पण 'रिकामी आहे' या शब्दावर कधी विसंबू नका, मग तो तुमच्या काकाचा असो की बापाचा. आणि मी कुठे एकटी पडलेली दिसले, तर हात लावू नका. मोठ्या माणसाला हाक मारा आणि तिथून दूर व्हा.

डेल्फीला हे पाठ आहे. त्या रविवारीही ती हात मागे बांधून टेबलाच्या पलीकडे, रँडल काकाच्या खांद्यामागून बघत होती.

"एक, दोन, तीन," तिने मोजलं. "चार, पाच." मग थांबून मान तिरकी केली. "काका, अंगठा काढ. सहावा दिसत नाही."

रँडलने अंगठा काढला. उजेड आला.