डोलकाठीला दोन माणसं लागतात

डोलकाठी आडवी असते तोवर निमूट असते. उभी करायची म्हटलं की दोन माणसं लागतात. एकानं ती उचलून पुढे रेटून धरायची, दुसऱ्यानं तिला उभं धरून ठेवणाऱ्या तारांपैकी पुढची तार खाली ओढून पिन घालायची. माझा दुसरा माणूस लारुसी. गेल्या मे महिन्यापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि दोष माझा आहे.

आमची कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद होड्या आणि मधे ताणलेली जाळी, तीस वर्षं जुनी. लारुसी कानीकपाळी ओरडायचा, "तिजानी, तारांचे पेड सुटलेत. बदल." मी म्हणायचो, "सासूसारखी भुणभुण बंद कर." मग आमच्या केलिबिया गावच्या किल्ल्यासमोर भर वाऱ्यात डावी तार तुटली आणि डोलकाठी त्याच्या खांद्यावर कोसळली. इस्पितळात मी त्याला काय म्हणावं? वारा वाईट होता, म्हणालो. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

वर्षभर मला भांडायलाही कुणी नव्हतं.

यंदा सगळ्या तारा नव्या आणल्या. डावी-उजवी वाळूवर शेजारी ठेवून लांबी पाहिली, पिना बसवल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. एकट्यानं डोलकाठी उभी करायची दोरीची एक युक्ती आहे. ती मला येते. दोरी मी मुद्दाम घरी ठेवली.

डोलकाठी उचलली आणि रेटून धरली. समोरच्या कॅफेत लारुसी पत्ते कुटत बसला होता. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. मी डोलकाठी तशीच रेटून धरून ठेवली. शेवटी सगळी लाज गिळून ओरडलो, "लारुसी! ये ना रे!"

तो आला, हातातले पत्ते तसेच घेऊन.

"दोरी कुठंय तुझी?"

"विसरलो."

"तू? आणि विसरलास?"

पत्ते खिशात कोंबून त्यानं उजव्या हातानं तार ओढली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पिन बसली. मग एकेक तार बोटांनी चाचपत तो होडीभोवती फिरला.

"वाऱ्याचा काही दोष नव्हता," मी म्हणालो. "माझाच होता."

"मला तेव्हाच माहीत होतं." शेवटची तार सोडून म्हणाला, "चांगल्या बसवल्यास."

मग त्याची नजर वरून लोंबणाऱ्या तारांवर गेली. होडी कलंडू नये म्हणून कमरेचा पट्टा त्यांना अडकवून आम्ही पाण्यावर बाहेर झुकत असू.

"दोन्हीकडे दोन-दोन कशाला?"

"एक तुझी."

तो हसला नाही. "काढून टाक. उगाच डोलकाठीवर आपटत राहील."

आणि तो पत्त्यांकडे परत गेला.

ती तार वर डोलकाठीलाच अडकवलेली असते. काढायची तर डोलकाठी पुन्हा आडवी करायची, पुन्हा उभी करायची. त्याला दुसऱ्यांदा हाक मारायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी तसाच एकटा होडी घेऊन पाण्यात गेलो. त्याची तार किल्ल्यापर्यंत आपटत राहिली.